व्याही-विहीणबाईंना पेठेतल्या खानावळीत न्यायचे आहे. निवड कशी करावी?

शाहूपुरीकर

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझे व्याही आणि विहीणबाई रत्नागिरीहून प्रथमच आमच्याकडे कोल्हापूरला येत आहेत. शुक्रवारी संध्याकाळी ते पोहोचतील आणि सोमवारी सकाळी अंबाबाईचे दर्शन घेऊन परत निघतील. घरी पाहुणचार होईलच, परंतु व्याह्यांनी फोनवर आवर्जून सांगितले आहे की महामार्गावरच्या मोठ्या, वातानुकूलित हॉटेलात नेऊ नका, तुमच्या पेठेतली माणसे जिथे जेवतात तिथे न्या. त्यांची ही इच्छा मला मनापासून आवडली आणि ती नीट पुरी व्हावी असे वाटते.

अडचण अशी की आम्ही एकूण आठजण असू आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. व्याही मटणाचे शौकीन आहेत, पण त्यांना पित्ताचा त्रास आहे आणि नारळाच्या सौम्य जेवणाची सवय आहे. विहीणबाई पूर्ण शाकाहारी आहेत. शेजारी कोणी मटण खाल्ले तर त्यांची हरकत नसते, मात्र स्वतःच्या ताटाबाबत त्या काटेकोर आहेत. बरोबर पाच वर्षांची नात आहे. लहान खानावळीत गर्दी असते, बाके अरुंद असतात, पदार्थ मोजके असतात, हे मी जाणतो. अशा ठिकाणी सर्वांचे समाधान होईल असे जेवण कसे साधावे? केवळ हॉटेलांची नावे नकोत. खानावळ कशी पारखावी, कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी जावे, काय मागवावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी सांगावे.

मंगळवार पेठेतील काकी

आमच्या सासूबाईंनी सुरू केलेली घरगुती खानावळ मी बरीच वर्षे सांभाळली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाटीवर ‘अस्सल’, ‘झणझणीत’ असे शब्द किती मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत यावरून खानावळीची पारख होत नाही. पारख करायची तर पांढऱ्या रश्श्यावरून करावी. मटण प्रथम आले, लसूण आणि मीठ घालून शिजवतात आणि त्याचे बिनमसाल्याचे पाणी, ज्याला आपण अळणी म्हणतो, बाजूला काढून ठेवतात. दोन्ही रश्श्यांचा जीव त्या पाण्यात असतो. पांढऱ्यासाठी त्यात तीळ, खसखस आणि काजू यांचे गंधासारखे बारीक वाटण, नारळाचे दूध आणि दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरी यांची फोडणी पडते. नारळाचे दूध घातल्यानंतर रस्सा खळखळून उकळला तर तो फाटतो; त्यामुळे दुपारच्या ऐन गर्दीतही एका माणसाला त्या पातेल्यापाशी लक्ष ठेवून उभे राहावे लागते. ज्यांना हे परवडत नाही ते वाटण कमी करून मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर लावतात. तसा रस्सा दिसायला छान दाट असतो, पण वाटीत निवू लागला की त्याच्यावर पापुद्रा धरतो आणि ओठांना चिकटपणा जाणवतो. खरा पांढरा रस्सा पातळच असतो, त्याच्यावर स्निग्धाचे बारीक थेंब तरंगतात, आणि तो प्यायल्यावर प्रथम मटणाची चव लागते, नारळाची नंतर.

तांबड्याच्या रंगाला आपल्या पाहुण्यांनी घाबरू नये. रंग बव्हंशी ब्याडगी मिरचीचा असतो. तिखटपणा संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीतून येतो, आणि दोन्हींचे प्रमाण प्रत्येक घराचे ठरलेले असते. उन्हाळ्यात मिरची वाळवून, खोबरे, तीळ, धणे आणि गरम मसाला भाजून, कांदा-लसूण घालून जी चटणी वर्षभरासाठी डंकावर कुटून आणतात, तिच्यावर तांबडा रस्सा उभा असतो. अशा चटणीचे तिखट जिभेवर चढते, कपाळावर घाम आणते आणि ओसरते. ज्या रश्श्याचा पहिल्याच घोटाला घशात ठसका लागतो, त्यात कच्ची मिरचीपूड वरून मारलेली आहे असे खुशाल समजावे. तिखट म्हणजेच कोल्हापुरी ही समजूत बाहेरगावच्या हॉटेलांनी पसरवली आणि आता आपल्याच काही खानावळी ती खरी करून दाखवू लागल्या आहेत, याचे मला फार वाईट वाटते.

व्याह्यांसाठी ‘रस्सा कमी तिखट करून द्या’ असे मात्र सांगू नका. रस्सा सकाळीच एका पातेल्यात झालेला असतो. वेगळा करायचा म्हणजे त्यात गरम पाणी ओतायचे, आणि मग चवही जाते नि पाहुण्यांच्या मनात कोल्हापूरविषयी भलतेच मत होते. त्यांना भाकरी पांढऱ्या रश्श्यात कुस्करून खाऊ द्या, सोबत सुके मटण आणि दही-कांदा असू द्या. तांबडा वाटीभर समोर असावा, त्यांनी भाकरीचा तुकडा बुडवून चव घ्यावी. नारळाच्या जेवणावर वाढलेल्या माणसाला पांढरा रस्सा परका वाटणारच नाही.

नातीसाठी अळणी मागा. बऱ्याच ठिकाणी ते फलकावर लिहिलेले नसते, पण स्वयंपाकघरात असतेच. भातावर अळणी, चार मऊ फोडी आणि लिंबू, एवढ्यावर लेकरू आनंदाने जेवते.

जुना बुधवारकर

काकींनी सर्व सांगितले आहे. मी फक्त वाराविषयी लिहितो. कोल्हापुरात मटणाचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पुष्कळ घरांत पाळले जातात, त्यामुळे त्या दिवशी लहान खानावळींत माल कमी उतरतो. आपले पाहुणे शुक्रवारी येतच आहेत, तर त्याच रात्री जेवायला न्यावे. रविवारी दुपारी प्रत्येक खानावळीसमोर उभे राहून वाट पाहणारी माणसे असतात आणि आपण जेवत असताना ती आपल्या ताटाकडे बघत असतात. पाहुण्यांना अशा घाईत जेवू घालणे योग्य नव्हे.

मंगळवार पेठेतील काकी

बुधवारकर दादांचे वाराविषयीचे म्हणणे बरोबर आहे, पण शुक्रवार रात्रीशी मी सहमत नाही. आंबा घाटातून प्रवास करून आलेल्या, पित्ताचा त्रास असलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता मटणाचे ताट वाढणे म्हणजे दुसऱ्या दिवसाची वाट लावणे. शिवाय अनेक ठिकाणी रात्रीचा रस्सा हा दुपारचाच असतो. तांबडा मुरल्यावर चांगला लागतो हे खरे, परंतु पांढरा पुन्हा पुन्हा गरम केला की त्याची रया जाते. रविवारीच जावे, मात्र खानावळ उघडता उघडता, बारा वाजण्यापूर्वी पोहोचावे. पहिल्या पंगतीला जे मिळते ते दीड वाजता मिळत नाही. खिम्याची वाटी तर हमखास संपलेली असते.

राजारामपुरीतील वाचक

मी स्वतः शाकाहारी आहे आणि माझे सासर पूर्ण मांसाहारी आहे, म्हणून विहीणबाईंच्या बाजूने लिहिणे मला आवश्यक वाटते.

मटणाच्या खानावळीत शाकाहारी माणसाची सोय ‘होते’, पण ती कशी होते हे यजमानाने आधी पाहून घेतले पाहिजे. मी अनेकदा अशा बाकावर बसले आहे, जिथे सगळ्यांसमोर भरगच्च ताटे आली आणि माझ्यासमोर घाईघाईने फोडणी दिलेली पनीरची भाजी आली, जिच्यात मटणाच्या तांबड्याचेच वाटण वापरले होते. वाटणात मटण नसते हे मान्य, पण पळी एकच फिरत असते. एका खानावळीत मी भाजीचे पातेले वेगळे आहे का असे विचारले, तेव्हा वाढप्याने उत्तर देण्याऐवजी हसून विषय टाळला. त्यानंतर मी तिथे पाऊल ठेवले नाही. काटेकोर असलेल्या माणसाला असे प्रश्न भर पंगतीत विचारायला लाज वाटते. ती वेळ विहीणबाईंवर येऊ देऊ नये. आपण आदल्या दिवशी एकट्याने जाऊन मालकांना स्पष्ट विचारावे की शाकाहारी स्वयंपाकाची चूल, पातेली आणि पळ्या वेगळ्या आहेत का. जे वेगळे ठेवतात ते अभिमानाने आत बोलावून दाखवतात.

दुसरे असे की एक जेवण तरी पूर्ण शाकाहारी ठिकाणी करावे आणि तिथे विहीणबाईंना पाहुणीचा पहिला मान द्यावा. बाहेरगावी ‘व्हेज कोल्हापुरी’ नावाने जी लालभडक मिश्र भाजी मिळते ती येथे येऊन मागवण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा भरली वांगी, झुणका, अख्खा मसूर, दही, ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा असे जेवण असावे. अख्खा मसूर हा आपल्या कोल्हापूर-सांगली पट्ट्याचा मानाचा पदार्थ आहे. मसूर शिजूनही अख्खा राहिला पाहिजे आणि रस त्याच्याभोवती दाटसर धरला पाहिजे. त्याचे वरण झाले असेल तर स्वयंपाक्याचे लक्ष नव्हते असे समजावे. भाताची आवड असेल तर आजरा घनसाळ मिळतो का हेही विचारून पाहावे. हा सुवासिक तांदूळ आपल्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचा आहे, त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि कोकणातल्या माणसाला चांगल्या भाताची पारख असते. शाकाहारी तांबडा-पांढरा देणारी ठिकाणेही शहरात आहेत. चव वेगळी असते, परंतु सगळे ज्याबद्दल बोलत आहेत ते आपल्याही वाटीत आहे, याचे शाकाहारी माणसाला समाधान वाटते.

खासबागचा रहिवासी

आपण सर्वांनी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचे बोलणे चालवले आहे, पण पेठेतली माणसे बाहेर खातात ती मुख्यतः सकाळी. शनिवारी सकाळी पाहुण्यांना मिसळ खायला न्यावे. ती शाकाहारी असल्याने आठहीजण एकच पदार्थ एकाच बाकावर बसून खाऊ शकतात, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

उद्यमनगरातील फडतरे, महाद्वार रोडच्या बाजूची चोरगे, कसबा बावड्यातील बावडा मिसळ ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, आणि प्रत्येकाच्या पेठेत आणखी एक असते, जी त्याला या सर्वांपेक्षा सरस वाटते. आपण शाहूपुरीत राहता, तर आपल्या गल्लीतल्या माणसांना विचारून तिथेच जावे असे माझे मत आहे. नावाजलेल्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी पर्यटकांची इतकी गर्दी असते की व्याह्यांना जी पेठेतली माणसे पाहायची आहेत ती तिथे कमीच दिसतील.

मिसळीत मटकी, बटाट्याची भाजी, फरसाण, कांदा आणि कोथिंबीर असते, आणि वर कट, म्हणजे तिखट रस्सा, ओततात. पाहुण्यांसाठी कट वेगळ्या वाटीत मागवावा, म्हणजे ज्याला जेवढा झेपेल तेवढा तो घेईल. कट पुन्हा मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. सोबत आपल्याकडे ब्रेडचे जाड काप येतात, बाहेरगावच्यासारखा गोल पाव येत नाही, हे पाहुण्यांना आधी सांगितलेले बरे. नातीला नुसती मटकी, थोडे फरसाण आणि दही द्यावे. मात्र दहा वाजण्यापूर्वी जावे; उशिरा गेल्यास पातेल्याच्या तळाचा कट मिळतो आणि तो जास्त तेलकट असतो.

संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ खावी, रंकाळ्यावर फेरी मारावी आणि परतताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबावे. तिथे म्हैस समोर उभी असते, धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. व्याह्यांच्या पित्ताला ते मानवेल, आणि नात तर म्हशीसमोरून हलणार नाही.

एक गोष्ट विषयाला जोडूनच सांगावीशी वाटते. एका बाकावर कोणीही कोणाशेजारी बसून खाते, हे आज आपल्याला सहज वाटते. शाहू महाराजांच्या काळी ते सहज नव्हते. राजवाड्याच्या नोकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्यांना पाठबळ देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढायला लावले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवून कांबळे यांच्या हातचा चहा पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावत. पाहुण्यांना गाडीतून भाऊसिंगजी रोडने नेणार असाल तर ही हकिकत त्यांना जरूर सांगावी. कोल्हापूरच्या हॉटेलांविषयी बोलताना आपण रश्श्याचा अभिमान बाळगतो तेवढाच या चहाचाही बाळगायला हवा, असे मला वाटते.

हिशेबनीस

बिलाविषयी थोडे, कारण पाहुण्यांसमोर वाद घालणे बरे दिसत नाही. सर्वसाधारण हॉटेलात जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो. अनेक लहान खानावळी जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असतात, म्हणजे त्या आपल्या उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरतात. त्यांना ग्राहकाकडून कर वेगळा आकारता येत नाही, तेव्हा त्यांच्या बिलावर कर वेगळा लावलेला दिसल्यास शांतपणे विचारावे. सेवाशुल्काचे म्हणाल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना वैध ठरवल्या. पेठेतल्या खानावळीत हा प्रश्न सहसा येत नाही. वाढप्याच्या हातात आनंदाने जे द्यावेसे वाटेल ते द्यावे.

दराबाबत एवढेच सांगतो की स्वस्त ताटाच्या मागे लागू नये. ज्या गावात २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला म्हणून लोकांनी आंदोलन केले, त्या गावात मटण काय भावाने मिळते हे प्रत्येकाला माहीत असते. ताटाचा दर त्या हिशेबात बसत नसेल, तर मटण कमी असते किंवा जून असते.

शाहूपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांवरून मी असे योजले आहे: शुक्रवारी रात्री घरी साधे जेवण, शनिवारी सकाळी आमच्याच गल्लीतली मिसळ, शनिवारी रात्री शाकाहारी ताट आणि रविवारी दुपारी बारापूर्वी मटणाची खानावळ. राजारामपुरीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी काल दोन खानावळींत चौकशी केली. एका ठिकाणी मालकिणीने खरोखरच आत बोलावून शाकाहारी स्वयंपाकाचा वेगळा ओटा दाखवला, दुसऱ्या ठिकाणी मोघम उत्तर मिळाले. त्यामुळे निवड सोपी झाली.

काकींना दोन प्रश्न आहेत. खानावळ लहान असल्याने आठजणांची जागा धरून ठेवता येणार नाही असे मालकीणबाई म्हणाल्या. मग दोन बाकांवर वेगवेगळे बसावे का? आणि आधी फोन करून ताटे सांगून ठेवली तर उपयोग होतो का?

मंगळवार पेठेतील काकी

दादा, आत बोलावणारी बाई निवडलीत, फार छान केलेत. जागा धरून न ठेवणारी खानावळ उर्मट आहे असे समजू नका; चार बाके असलेल्या घरात दोन बाके रिकामी ठेवली तर बाहेर उभ्या असलेल्या रोजच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचे हा प्रश्न तिच्यापुढे असतो. तेव्हा दोन बाकांवर बसायची तयारी ठेवा. व्याही आणि विहीणबाईंना मात्र वेगळे बसवू नका. विहीणबाईंना भिंतीकडची जागा द्या, म्हणजे रस्सा घेऊन फिरणाऱ्या वाढप्याची बादली त्यांच्या ताटावरून जाणार नाही.

फोन जरूर करावा, पण सकाळी साडेनवाच्या आत, मटण चुलीवर चढण्यापूर्वी. किती ताटे, त्यांत शाकाहारी किती, एका मुलासाठी अळणी आणि मऊ भात, एवढेच सांगावे. खिम्याची वाटी हवी असेल तर तीही त्याच वेळी सांगावी. रस्सा कसा करा हे सांगू नये.

भाकरीचे तेवढे लक्षात ठेवा. आठजणांच्या भाकऱ्या एकदम मागवल्या तर थापणारी बाई एकटी असते, तव्यावरच्या भाकऱ्या टोपलीत साठत जातात आणि बाकापर्यंत येईतो पहिल्या भाकऱ्या वातड होतात. दोन दोन करत मागवा. पहिल्या दोन व्याही आणि विहीणबाईंच्या ताटात जाऊ द्या, तोवर बाकीच्यांनी पांढरा रस्सा प्यावा. तो पुन्हा वाढून मिळतो, तेव्हा वाटी रिकामी करायला कोणी संकोच करू नये.